आधी धार, मग आज्ञा

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. हिच्यात माझा एकही शब्द नाही. ज्या म्हाताऱ्या भिक्षूकडून मी ती ऐकली, तो तिथे स्वतः हजर होता. आता तुम्ही बोटांवर वर्षं मोजायला लागाल की गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची आणि सांगणारा फार तर ऐंशीतला, मग भेट झाली कशी? बरं, तो हजर नव्हता. त्याच्या गुरूच्या गुरूच्या गुरूने ती ऐकली होती, आणि तोसुद्धा त्या वेळी बाहेर पाय धूत असल्यामुळे त्याला निम्मीच ऐकू आली. उरलेली निम्मी कुठून आली ते शेवटी कबूल करीन.

तथागत जेतवनात असताना सुदंत नावाचा एक कडक शिस्तीचा भिक्षू तिथे राहत असे. एके दिवशी एका आजारी म्हाताऱ्या भिक्षूने दुपार टळून गेल्यावर दोन घास खाल्ले. सुदंताने दुपारनंतर न खाण्याचा नियम म्हणून दाखवला आणि त्याला भर उन्हात विहाराबाहेर काढलं. मग तो स्वतः असा काही रडला की सगळे भिक्षू त्याच्याभोवती गोल करून बसले. "केवढं कठोर कर्तव्य, आणि मन किती कोवळं!" असं जो तो म्हणू लागला. तथागत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तो म्हातारा कुठे आहे?"

कोणालाच माहीत नव्हतं.

"हे आजचं नाही," तथागत म्हणाले. "पूर्वीही असंच झालं होतं."

पूर्वी कमलावती नगरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका शिकलगाराच्या घरी जन्मले होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. कमलावतीच्या शिकलगारांची एक रीत होती. धार लावून झाली की ते मुठीजवळ पात्यावर त्या दिवसाच्या तिथीइतक्या बारीक रेघा कोरत. पंधरवड्याच्या आत धार गेली तर पुन्हा फुकट लावून द्यायची, म्हणून ही खूण. गिऱ्हाइकं तिकडे ढुंकूनही पाहत नसत.

त्या नगराचा सेनापती वज्रकेतू. त्याने खिंडीतला तीन डोक्यांचा राक्षस एकट्याने मारला होता. दोन डोक्यांचा असेल, पण राक्षस होता. तो उंच होता, गोरा होता, मद्याला शिवत नसे, खोटं बोलत नसे, आणि राजाज्ञा म्हणजे त्याचा श्वास होता. एखाद्याला देहान्ताची शिक्षा झाली की वज्रकेतू ती स्वतः अमलात आणी. आधी त्या माणसाच्या पायांना हात लावून क्षमा मागे, मग डोळे पुसून तलवार चालवी. त्यानंतर तीन दिवस तो नगराच्या वेशीजवळ चटईवर उपाशी बसे. सगळं नगर त्याच्याभोवती जमे. बायका पंख्याने वारा घालत, पुरुष त्याचे तळपाय चोळत. चौथ्या दिवशी मेलेल्याच्या बायकोने किंवा आईने यायचं, "क्षमा केली" म्हणायचं, आणि आपल्या हाताने त्याला पेजेची वाटी द्यायची. त्याशिवाय तो उपास सोडत नसे.

या रिवाजाचं नगराला फार कौतुक होतं. मला विचाराल तर असा रिवाज काढणाऱ्याला त्याच चटईत गुंडाळून तळ्यात सोडायला हवा होता. पण बोधिसत्त्वांच्या गोष्टीत असं बोलायचं नसतं.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. राजाच्या कमळांच्या तलावात पाणी होतं आणि खालच्या आळीत हंडे कोरडे होते. तलावाच्या दारावर पाणी सोडायला-अडवायला भद्रिक नावाचा पाटकरी होता. षष्ठीच्या दिवशी त्याने कोणाला न विचारता दार वर उचललं. खालची आळी पाणी प्याली. कमळं सुकली.

राजा तीन दिवस विचार करत राहिला. नवमीला दवंडी पिटली, की भद्रिकाला देहान्त. दशमीला वज्रकेतूने भद्रिकाच्या पायांना हात लावला.

भद्रिकाची बायको खेमा. घरी तिची आंधळी सासू होती. मुलगा गेल्यापासून त्या म्हातारीने तोंडात पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तिला वारा घालायला कोणी आलं नाही. सगळं नगर वेशीवर होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मात्र नगर खेमाच्या दारात आलं.

"चल ग पोरी," शेजारची मावशी म्हणाली. "पेज मी करून आणली आहे. तुला नुसती न्यायची आहे."

"मी नाही देणार."

"अग, तो मरेल!"

"मावशी, माझा माणूस मेला."

"तो काय मुद्दाम? त्या बिचाऱ्याने केवढं रडून केलं. तू पाहिलंस का त्याचं तोंड, कसं उतरलंय?"

"माझ्या सासूचं तोंड पाहिलंत?"

"तिचं काय, ती आंधळी आहे," मागून कोणीतरी म्हणालं. इतकं चमत्कारिक उत्तर मी जन्मात ऐकलं नाही, पण तिथे जमलेल्या साऱ्यांना ते पटलं. मग प्रधान पुढे झाला. त्याने गोड आवाजात समजावलं की सेनापतीला काही झालं तर ती हत्या खेमाच्या माथी येईल, आणि हत्येला काय शिक्षा असते ते तिला ठाऊक आहेच. ती शिक्षा अमलात आणायला सेनापतीच नसेल, एवढी अडचण मात्र त्याच्या ध्यानात आली नाही.

खेमाने सासूकडे पाहिलं. आपण गेलो तर हिला कोण आहे? तिने वाटी उचलली.

बोधिसत्त्व त्या गर्दीत उभे होते. तीन दिवस त्यांनी धार लावायचं चाक फिरवलं नव्हतं. ते खेमाच्या बरोबरीने चालू लागले आणि हळूच म्हणाले, "बाई, वाटी द्यायच्या आधी मला दोन शब्द बोलू दे."

"बोल दादा. माझे तर संपले."

वेशीजवळ वज्रकेतू डोळे मिटून बसला होता. खरंच देखणा दिसत होता. तलवार शेजारी, फुलांनी झाकलेली.

"सेनापती," बोधिसत्त्व म्हणाले, "मी आपला शिकलगार. जरा तलवार पाहू?"

"कर्तव्याचं हत्यार आहे, दादा. जपून," वज्रकेतू डोळे न उघडता म्हणाला.

बोधिसत्त्वांनी फुलं बाजूला केली आणि तलवार म्यानातून काढली. "लोकहो, मुठीजवळ माझ्या खुणा आहेत. ही शेवटची. रेघा मोजा."

मावशीच पुढे झाली. "एक, दोन, तीन… सात."

"सप्तमी. दवंडी कधी पिटली?"

"नवमीला," चार जण एकदम म्हणाले.

"सप्तमीला सेनापती माझ्याकडे आले. म्हणाले, मान जाड आहे, जड दार उचलून उचलून झालेली, धार नीट लाव. मी विचारलं, कोणाची मान? तर म्हणाले, अजून आज्ञा व्हायची आहे."

वारा घालणाऱ्या बायकांचे पंखे थांबले.

राजाही तिथे होता. तो पुटपुटला, "मी तर त्याला हद्दपारच करणार होतो. सेनापतीच दोन दिवस माझ्या मागे लागला. म्हणाला, आज सोडलंत तर उद्या तुमचा शब्द कोण मानेल."

"याच्या वर आणखी दहा खुणा आहेत," बोधिसत्त्व म्हणाले. "ही चतुर्थी."

"माझ्या भावाची दवंडी षष्ठीची," एक बाई म्हणाली.

"ही द्वादशी."

"माझा मुलगा. चतुर्दशीला." ही म्हातारी होती. तिने आपल्या हाताने पेज दिली होती.

प्रत्येक वेळी धार आधी होती आणि आज्ञा मागून.

"हा शिकलगार तरी कुठला स्वच्छ?" प्रधान ओरडला. "धार कोणी लावली?"

"मीच," बोधिसत्त्व म्हणाले. "अकरा वेळा. पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं. अकराव्या वेळी विचारलं, उत्तर ऐकलं, आणि तरी लावून दिली. ते मी पुसून टाकू शकत नाही. पण या बाईच्या तोंडून आता क्षमेचा खोटा शब्द निघू देणार नाही. मला काय करायचं ते करा."

वज्रकेतूने डोळे उघडले. ते कोरडे होते. "मी जे केलं ते आज्ञेनेच केलं," तो म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच त्यातलं सगळ्यात संतापजनक.

खेमाने त्याच्याकडे पाहिलं. मग वाटीवर पदर धरला, पाठ फिरवली आणि घरी निघाली. तिने सासूला उठवून बसवलं. "आई, पेज आहे. कोमट आहे." तिच्यामागे एक बाई उठली, मग दुसरी, मग मावशी पंखा घेऊन, आणि बघता बघता सगळं नगर त्या आंधळ्या म्हातारीच्या अंगणात येऊन बसलं. वेशीवर एकटा वज्रकेतू उरला. दुपारपर्यंत वाट पाहून तो उठला, घरी गेला आणि स्वतःच्या हाताने वाढून घेऊन दोन वाट्या पेज जेवला. म्हणजे उपासाने मरायचा त्याचा विचार कधी नव्हताच.

एवढं सांगून तथागत म्हणाले, "तेव्हाचा वज्रकेतू म्हणजे हा सुदंत. ती आंधळी सासू म्हणजे तुम्ही बाहेर काढलेला म्हातारा. खेमा म्हणजे पाणी भरणारी पूर्णा. तिने त्याला आत्ता आपल्या ओट्यावर सावलीत निजवलं आहे. आणि तो शिकलगार मी होतो."

"आणि नगरातले लोक, भगवन्?" एका भिक्षूने विचारलं.

सुदंताभोवती गोल करून बसलेल्या सगळ्यांकडे तथागतांनी एकदा पाहिलं.

या कथेतला गुण क्षमा नव्हे. ज्यात आपलाही दोष उघडा पडतो, ते सत्य उभं राहून बोलणं, हा तो गुण.

आता माझी कबुली. खुणा खऱ्या, तिथ्या खऱ्या, शिकलगाराचं बोलणंही खरं. सगळं नगर खेमाच्या अंगणात गेलं आणि वज्रकेतू एकटा उरला, ते मात्र मी घातलं. मला राहवलं नाही. मूळ गोष्टीत तिच्यामागून एकटा शिकलगार गेला. लोक होते तिथेच बसून राहिले, वज्रकेतूला वारा घालत; आणि थोड्या वेळाने मावशीने दुसरी वाटी आणली.