पाच हजार एकशे वीस

माणदेशाच्या अंगाला एका गावात शिदू नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? त्याच्या तानूआत्यानं एकदा 'दुधावर लक्ष ठेव' म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत गड्यानं दुधावरची नजर काढली नाही. सांगितलेलं काम त्यानं टाळलं असं कधी झालं नाही. अडचण तीच होती.

वय झालं बत्तीस, आणि लग्न जमेना. शेवटी एक स्थळ टप्प्यात आलं. भागूजी नलग्यांची सुलोचना. भागूजींनी निरोप धाडला, "गुरुवारच्या बाजारापर्यंत मुलाचा फोटो द्या. नाही आला तर आम्ही दुसरा मुलगा बघतो."

शिदू तालुक्याच्या फोटोवाल्याकडे गेला. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा." शिदू हसला. बास कर असं कुणी म्हणालं नाही, म्हणून हसतच राहिला. फोटोवाल्यानं वैतागून दुकान बंद केलं, तरी हा पायरीवर बसून हसतोय. रात्री आत्यानं माणूस पाठवून त्याचं हसणं थांबवलं.

मग राहिले गावातले धामणे मास्तर. चित्रकलेचे. शाळेतल्या पोरांसाठी ते पावडरच्या डब्याचा कॅमेरा करायचे. काच नाही, बटण नाही. डब्याला सुईनं पाडलेलं एक भोक, त्यावर काळी पट्टी, आणि आत फोटोचा कागद. पट्टी काढायची, मोजायचं, पट्टी लावायची. भोकातून उजेड आत गेला की कागदावर चित्र उमटतं.

मास्तर म्हणाले, "शिदू, डबा उन्हात ठेव. पट्टी काढ, समोर जाऊन बस, वीस आकडे मोज. मग पट्टी लाव."

"एवढंच ना मास्तर? झालं म्हणून समजा."

रविवारी शिदूनं डबा अंगणात लख्ख उन्हात ठेवला, आणि स्वतः समोरच्या गोठ्यात जाऊन म्हशीशेजारी बसला. उन्हात ठेवायला डबा सांगितला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वीस मोजले.

मास्तरांनी कागद औषधात धुतला. कोरा.

"अरे, गोठ्यात कशाला बसलास? कागद कोरा म्हणजे उजेड कमी पडला, काळा म्हणजे जास्त झाला. सावली असली की चौपट मोजायचं. वीसचे ऐंशी."

"सावली असली की ऐंशी. एवढंच ना? झालं म्हणून समजा."

सोमवारी शिदू भर उन्हात पाट मांडून बसला. पट्टी काढून बसला आणि मागं बघितलं, तर सावली! त्याचीच. पाटापासून पार उकिरड्यापर्यंत. बरं झालं बघितलं, असं म्हणत त्यानं ऐंशी मोजले.

कागद काळाठिक्कर.

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "तुझी सावली नाही रे बाबा! तुझी सावली पडते म्हणजे ऊन आहे. ती दिसली की वीसच."

"माझी सावली दिसली की वीस. एवढंच ना?"

मंगळवारी आभाळ भरून आलं. शिदू पाटावर बसून आपली सावली हुडकायला लागला. दिसेना. मग सावली दिसेल अशी जागा शोधत तो गावभर फिरला, आणि शेवटी विहिरीच्या पाण्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. "सापडली!" म्हणाला. डबा समोर मांडून विहिरीच्या काठावर बसला आणि वीस मोजले.

कागद पुन्हा कोरा.

"आभाळ आलं की ऐंशी मोज," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता फार हळू झाला होता. "आणि तेवढा वेळ हलायचं नाही. कुणी आलं, गेलं, हाक मारली, काही झालं तरी नाही. हललेल्या माणसाचा फोटो म्हणजे धूर."

"ऐंशी आकडे न हलता? मास्तर, नाकाला खाज सुटते. यापेक्षा जवळची वाट नाही का?"

मास्तर मूळचे शिक्षक. विचारलं की शिकवायचेच. "आहे की. भोक दुप्पट रुंद केलं की उजेड चौपट जातो, मोजणं चौथाईवर येतं. ऐंशीचे वीस. आणखी दुप्पट केलंस तर पाच."

"भोक मोठं, मोजणं कमी. एवढंच ना?"

बुधवारी शिदूनं विचार केला. दुप्पट करा, परत दुप्पट करा, एवढा खटाटोप कशाला? त्यानं डब्याचं झाकणच काढून टाकलं. झालं भोक डब्याएवढं. मोजायचं कारणच उरलं नाही. बसलासुद्धा नाही. डब्यासमोरून नुसता चालत गेला.

तो काळा कागद मास्तरांनी बराच वेळ हातात धरला. घरात त्यांच्या बायकोनं न मागता पाणी आणून दिलं.

"शिदू, ऐक. मोठं भोक नको. भोक जितकं बारीक, तितके नाकडोळे स्वच्छ. फक्त भोक निम्मं केलं की मोजणं चौपट. हा नवा डबा. ही सुई. काळ्या पाकिटात हा शेवटचा कागद आहे. घरी भोक पाड, कोठीच्या अंधारात कागद भर. उद्या गुरुवार आहे. आता तुझं लग्न तुझ्या हातात."

"भोक बारीक, मोजणं जास्त, हलायचं नाही. झालं म्हणून समजा!"

गुरुवारी शिदू हिशेबाला बसला. हिशेबाला तो कच्चा नव्हता. सुईच्या भोकाला वीस. निम्म्याला ऐंशी. त्याच्या निम्म्याला तीनशे वीस. मग बाराशे ऐंशी. मग पाच हजार एकशे वीस. एवढं बारीक भोक त्याला डोळ्यांनी दिसेना, म्हणून त्यानं ते पाडलंच नाही.

कागद भरला. डबा मांडला. पाटावर बसला. "एक. दोन. तीन."

तिकडे बाजारात आत्यानं भागूजींना गाठलं. "अहो, फोटो काय बघायचा, मुलगाच बघा की!" भागूजी तयार झाले. सुलोचनाही म्हणाली, मी पण येते. तिघं अंगणात आली.

"रामराम शिदोजीराव," भागूजी म्हणाले.

"दोन हजार नऊशे चार," शिदू म्हणाला.

"अं? जमीन किती आहे म्हटलं?"

"दोन हजार नऊशे पाच."

भागूजींचे डोळे विस्फारले. "एकर? आणि म्हशी?"

"दोन हजार नऊशे सहा."

"वय काय आपलं?"

"दोन हजार नऊशे सात."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे मुडद्या, हे मुलीचे वडील आहेत! बोल की नीट!"

शिदू हलला नाही. कुणी आलं तरी हलायचं नव्हतं.

सुलोचनाला हसू आवरेना. ती डब्यापाशी वाकली, चारी बाजूंनी बघितलं. "अहो, याला भोकच नाही."

"बाजूला व्हा, उजेड अडतोय. दोन हजार नऊशे बारा."

भागूजी ताडताड निघाले. सुलोचनाही गेली. आत्या पदर तोंडाला लावून त्यांच्या मागं गेली. शिदू मोजत राहिला.

फाट्यावर एसटीची वाट बघताना सुलोचना बापाला म्हणाली, "आबा, मला चालेल. आजवर जेवढे मला बघायला आले, त्यांच्यातला एकजण तरी दिलेल्या कामावर एवढा वेळ टिकला असता का? भोक काय, मी पाडून देईन."

भागूजी विचारात पडले. आत्यानं मनातल्या मनात देवाला नारळ बोलला. तेवढ्यात शिदू डबा छातीशी धरून धापा टाकत आला. पाच हजार एकशे वीस पुरे झाले होते.

"फोटो झाला! कणभर हललो नाही. हा घ्या, आणि मुलगा कसा आहे ते बघा."

"मुलगा बघितला," भागूजी म्हणाले, "आमच्या पोरीला पसंत आहे. आता तुम्ही सांगा. मुलगी पसंत आहे का? हो म्हणा, की आत्ताच सुपारी फोडू."

"हो म्हण!" आत्या कळवळली.

सुलोचनानं मान खाली घातली. एसटी लांबून धूळ उडवत येताना दिसली.

शिदूनं तिच्याकडे बघितलं आणि गोंधळला. मुलाला पसंत करायला फोटो लागतो, मग मुलीला बिनफोटोचं कसं पसंत करायचं? तो उकिडवा बसला, डबा तिच्यासमोर मैलाच्या दगडावर नीट मांडला.

"तुम्हीही यातच या," तो प्रेमानं म्हणाला. "जोडीचा फोटो होईल. फक्त हलू नका." आणि आकडा चुकू नये म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. "एक. दोन. तीन..."

एसटी आली. कंडक्टरनं घंटी मारली. एसटी गेली.

पाच हजार एकशे वीसला शिदूनं डोळे उघडले. समोर मोकळा रस्ता, आणि कडेला डोकं धरून बसलेली आत्या.

"छे!" शिदू हळहळला. "हलली. एवढा चांगला जोडीचा फोटो, पोरीनं धूर करून टाकला."