वेळुंदची लांब पांजणी

“पांजणीला वारा आणि बाळंतिणीला एकटेपण, दोन्हींवर लक्ष ठेवावं लागतं बाई,” असं शेजारच्या पुतळामावशी मला म्हणाल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा दीड महिन्याची होती. मी पदवीधर, बाळाचा ताप वहीत लिहून ठेवणारी. मी हसून विषय बदलला. पुढचे काही आठवडे फार कठीण गेले. त्या दिवसांत मावशींनीच उशाशी बसून हरबाजी महाराजांची ही कथा मला सांगितली. ऐकली तशी ती भाविकांपुढे ठेवते.

एका वर्षी महाराज वेळुंदला चौंडेश्वरीच्या देवळात उतरले होते. वेळुंद हे कोष्ट्यांचं गाव. एके काळी तिथे चाळीस माग चालत. उजाडताच सगळी आळी बाहेर येई, साठ हात लांब ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, गल्लीत ताणला जाई. त्याला खळ लावायची आणि ओलं सूत वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत राहायचं, म्हणजे धागा धाग्याला चिकटत नाही. ही पांजणी. एका घराचं हे कामच नव्हे.

ताण्याचं वरचं टोक अंतोबा तावऱ्यांच्या दारातल्या खुंटाला बांधण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. एका पांजणीत अंतोबांच्या धाकट्या भावाच्या, सिद्रामच्या हातून दोन धागे तुटले. अंतोबांनी त्याला साऱ्या आळीदेखत नको ते सुनावलं. सिद्राम कुंचा तिथेच ठेवून गाव सोडून गेला. अंतोबांनी रागाने खुंट उपटला आणि म्हणाले, आता ज्याने त्याने आपापल्या अंगणात काय ते करावं.

लोकांनी तेच केलं आणि तिथेच चुकलं. अंगणात मावतील एवढे आखूड ताणे, मग गाठींवर गाठी. गाठाळ लुगडं कोण घेणार? एकेक घर शहराकडे निघालं. सात माग उरले.

चंद्राकाकू दिवटे त्या सातांतल्या. नवरा नाही, एकुलता मुलगा शहरात गेलेला. देवळात महाराजांचे पाय धरून त्या म्हणाल्या, “महाराज, पोरं परत येतील असं काहीतरी गावात उरू द्या.”

महाराज म्हणाले, “सात घरांचं सूत एक करा. लांब पांजणी घाला. वरचं टोक मी धरतो.”

काकूंनी दारोदार फिरून सगळ्यांना तयार केलं. उरलंसुरलं सारं सूत त्या एका ताण्यात गेलं. तो बिघडला तर मागावर चढवायला कुणाकडेच काही उरणार नव्हतं, आणि ही सात घरंही जाणार होती.

ताणा पसरला तसे अंतोबा ओट्यावर येऊन बसले. “चंद्राकाकू, खांदा द्यायला चार पुरतात. ताण्याला चाळीस लागतात. सात जणांत तुम्ही नेमकं काय करायला निघालात?”

काकू कुंचा भिजवत राहिल्या. उपटलेल्या खुंटाच्या जागी महाराज बसले होते, ताण्याचा दोर कमरेला गुंडाळून. खळ लागली आणि तेवढ्यात माळावरून वारा सुटला. सूत भराभर वाळू लागलं, धागे एकमेकांना धरू लागले. सातही जण धावत कुंचे मारत होते, पण साठ हातांना सात जण कुठे पुरणार? काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात चालत होता.

अंतोबा उठले. “बुवा, तमाशा पुरे झाला. माझ्या दारातून उठा.”

“उठतो,” महाराज म्हणाले. “एवढा दोर धर.”

फेकून देण्यासाठीच अंतोबांनी दोर हातात घेतला आणि ते जागीच थबकले. दोरातून कुंच्यांचा ठेका येत होता, सात जणांचा नव्हे, भरल्या आळीचा. जन्मभर या दोराशी राहिलेला माणूस तो; कुणाचा हात कसा पडतो हे त्यांना न बघता कळे. मधेच एक हात थोडा घाईने पडत होता. सिद्रामचा. समोर तर सातच माणसं दिसत होती, पण जिथे कुणी उभं नव्हतं तिथेही सूत सुटं होत होतं, धागा धाग्यापासून वेगळा.

ताणा पुरता वाळेपर्यंत अंतोबांनी दोर सोडला नाही. मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून ते लहान मुलासारखे रडले.

“मला नमस्कार कसला करतोस?” महाराज म्हणाले. “त्याला निरोप धाड.”

निरोप पोचायच्या आतच सिद्राम वेशीत येऊन उभा राहिला. त्याने सांगितलं, आठ दिवसांमागे सकाळी, म्हणजे नेमक्या पांजणीच्या वेळी, कारखान्याच्या दारात उभा असताना त्याचे तळहात खळीने ओले झाले होते, पुसून पुसून खळ जाईना. त्याच्यामागोमाग अकरा घरं आली. प्रत्येकाच्या तोंडी हेच.

चंद्राकाकूंचा मुलगा मात्र आला नाही. काकू दर पांजणीला एक जास्तीचा कुंचा भिजवून ठेवत आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत राहत. पण खुंट पुन्हा रोवल्यावर अंतोबा रोज सकाळी आधी काकूंच्या अंगणात जात, वाकून नमस्कार करत आणि विचारत, “काकू, रात्री झोप लागली का?”

तुमच्याही आळीत वाट बघत बसलेलं कुणीतरी असेल. ही कथा वाचून झाली की आजच्या आज त्यांच्याकडे जाऊन या, जेवलात का, एवढं तरी विचारा.