काथवटीतलं सोनं

डोंगरातून एक नदी खाली यायची, तिच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक शिंपी राहायचा. शिवणकामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण जीव होता नदीत. सुटीच्या दिवशी बायकोची भाकरीची लाकडी काथवट काखेत मारायची आणि नदी गाठायची, हा त्याचा छंद. काथवटीत वाळू आणि पाणी घेऊन तो ती हळूहळू फिरवायचा. हलकी वाळू पाण्याबरोबर सोडून द्यायचा आणि तळाशी सोन्याचा कण राहिलाय का, ते डोळे बारीक करून बघायचा. कण कधीच नसायचा.

"शिंपीदादा, सोन्याचा सदरा कधी शिवताय?" लोक विचारायचे.

"माप तेवढं घेऊन ठेवलंय," तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. बायको मात्र कुरकुरायची, कारण काथवट घासून घासून धुवायला तिला लागायची. तरी दुपारची भाकरी बांधून ती नदीवर जायचीच.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका संध्याकाळी शिंप्यानं काथवट परत केली आणि म्हणाला, "नदीच्या मनात नाही. आता पुरे." त्यानंतर तो नदीवर गेला नाही. शिवायचा, जेवायचा, पण हसायचा नाही. बायकोला ते बघवेना. हवं तर काथवट न्या, पण असे बसू नका, असं तिला सारखं वाटायचं.

तिच्या डबीत सोन्याची एकुलती बुगडी होती. जोडीतली दुसरी कधीच हरवली होती. नवरा बाजारात गेल्यावर तिनं कात्रीला धार लावायची कानस घेतली आणि बुगडी घासली. थोडा चुरा पडला, तो तिनं पदराच्या टोकाला बांधला. सुटीच्या दिवशी "माझ्यासाठी एकदाच जा" म्हणून नवऱ्याला नदीवर पाठवलं. दुपारी तो हात धुवायला वळला तेवढ्यात तिनं चिमूटभर चुरा काथवटीतल्या वाळूत मिसळला.

त्या दिवशी शिंपी नदीवरून नाचतच घरी आला. मग तीही थांबेना. बुगडी झिजत गेली आणि शिंपी पुन्हा पहिल्यासारखा बडबडू लागला. सोनं एका डबीत घालून तो दारोदार दाखवत हिंडला.

व्हायचं तेच झालं. नदीत सोनं आहे म्हटल्यावर गावाला धीर कुठला? बंधाऱ्यामागच्या डोहाच्या तळाशी घबाड असणार, असं ठरलं. डोह रिकामा करायचा तर बंधारा फोडायला हवा. त्याच बंधाऱ्याचं पाणी पाटानं सगळ्या मळ्यांना जात होतं, पण त्याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. उद्या सकाळी पहारी घेऊन यायचं, असं नक्की झालं.

त्याच दुपारी शिंप्यानं कात्रीला धार लावायला कानस काढली. कानशीच्या खाचांत काहीतरी पिवळं चमकत होतं. त्यानं बायकोची डबी उघडली. आत बुगडीची नुसती फिरकी उरली होती.

"हे काय गं?"

"तुम्ही हसायचं सोडलं होतंत," ती म्हणाली. "गाव असं पेटेल हे मला काय ठाऊक? उद्या मीच सांगते सगळ्यांना."

शिंप्यानं फिरकी तळहातावर घेतली. त्याचे डोळे भरून आले होते. "नको," तो म्हणाला. "मिरवलं मी, तर हसंही माझंच होऊ दे."

सकाळी तो बंधाऱ्यावर जाऊन उभा राहिला. "नदीत सोनं नाही," त्यानं सांगितलं. "माझ्या डबीत आहे ते माझ्या बायकोच्या बुगडीचं."

"एकट्यानं गिळायचा बेत दिसतोय," कुणीतरी ओरडलं. शिंप्यानं कानस आणि फिरकी पुढे केली. ती हातोहात फिरली.

"म्हणजे बायकोनं पेरलं आणि तू नदीचं म्हणून गावभर मिरवत सुटलास?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो."

गाव पोट धरून हसलं. शिंप्याचे कान लाल झाले, पण तो बंधाऱ्यावरून हलला नाही. हसता हसता म्हाताऱ्यानं पहार खाली ठेवली, मग बाकीच्यांनीही ठेवल्या. बंधारा वाचला आणि मळ्यांचं पाणीही वाचलं.

डबीतल्या चुऱ्याची सोनारानं नाकात घालायची एक इवलीशी फुली करून दिली. पुढच्या सुटीला शिंप्यानं पुन्हा काथवट उचलली.

"आता कशाला? सोनं नाही हे तुम्हीच सांगून आलात ना?" बायको म्हणाली.

"नदी तर आहे," तो म्हणाला. "आणि तू भाकरी घेऊन येतेस."

ती त्या दिवशी दुपारची वाट न बघता त्याच्याबरोबरच निघाली. संध्याकाळपर्यंत दोघांनी वाळू धुतली. काथवटीच्या तळाशी काही नव्हतं. शिंप्यानं मान वर केली, बायकोच्या नाकातली फुली बघितली आणि मनापासून हसला.

तात्पर्य: आपल्या माणसानं मायेपोटी केलेलं खोटंसुद्धा गावाच्या मुळावर येत असेल, तर आपलं हसं झालं तरी खरं सांगावं. हसणारे दोन दिवस हसतात, माया करणारं माणूस जवळच राहतं.