दाराची डहाळी

“ही डहाळी कुणी बांधली?”

सिदूबुवा मठाच्या दारात थांबले होते. चौकटीला कडुनिंबाची डहाळी लटकत होती. घरात कांजिण्या आल्या की त्या भागात अशीच बांधतात. मग बाहेरचा माणूस उंबरा ओलांडत नाही.

“मी,” हैबती म्हणाला.

हा बुवांचा थोरला शिष्य. शहरात एका डॉक्टरांच्या हाताखाली राहून आलेला, त्यामुळे चार बुकं जास्त शिकल्याचा तोरा होताच. आत, बुवांच्या औषधासाठी मठात आणलेली सात महिन्यांची गरोदर चंद्राऊ कांजिण्यांच्या तापाने फणफणली होती. बाहेर चिंचेखाली रेवण बसून होता, नवा शिष्य.

रेवणच्या बोटांशी नाडी बोलते, असं बुवा एकदा सहज म्हणून गेले, आणि तेव्हापासून हैबतीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बुवांच्या शेजारची जागा त्याची होती. काल आलेला माणूस ती बळकावणार, या विचाराने त्याचा नुसता जळफळाट व्हायचा. आज रेवण पाला आणायला गेला आणि याने मागे डहाळी बांधली.

“त्याला मी बोलावलंय. तिची नाडी बघायला.”

“बाहेरून आलाय, बुवा. काय घेऊन आला असेल कुणी सांगावं? गरोदरपणी अंग परक्याशी पुरतं लढत नाही.”

“का लढत नाही?”

हैबतीला हेच हवं होतं. तो खुलून सांगू लागला. पोटातलं मूल निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या अंगाला निम्मं परकंच. अंग नेहमीसारखं चवताळून उठलं तर त्यालाही हुसकावून लावील. म्हणून ते हात राखून लढतं. अन् म्हणूनच असला ताप गरोदर बाईला जड जातो.

“म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला जागा देतं?”

“हो.”

“आत्ता, तापातसुद्धा?”

“तापातसुद्धा.”



आतून चंद्राऊचं कण्हणं ऐकू आलं. रेवण चिंचेखाली उठून उभा राहिला, पण दाराशी आला नाही. हैबतीला मनातून बरं वाटलं.

बुवांनी डहाळीची गाठ सोडली. डहाळी हैबतीच्या हातात दिली.

“जा. तिच्या पोटावर बांध.”

“पोटावर? ...कशाला?”

“तिथंही एक परका येऊन बसलाय.”