शाहिराची शेज

वेशीतल्या चिंचेखाली तो लांबट काळा दगड आहे ना, त्यावर बसू नका, पाव्हणं. आडवं व्हायचं असेल तर खुशाल व्हा, पण नुसतं बसायची रीत नाही. हिला शाहिराची शेज म्हणतात. हात फिरवून बघा, म्हशीच्या पाठीसारखी गुळगुळीत आहे आणि मधोमध खोलगट झालीय. ऊन डोक्यावर आलं की ते देवळाच्या पायरीवरून खाली उतरेपर्यंत आमच्या माळशेवग्यात कुणी भांडत नाही, कुणी कांडत नाही. बैलांच्या घुंगरांत कापूस कोंबतात. ज्या घराची पाळी असेल, त्या घरचं एक माणूस लिंबाचा डहाळा घेऊन शेजेपाशी माश्या हाकत जागं बसतं. मघाशी तुमच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा तोंडावर बोट ठेवून जी म्हातारी तुमच्या अंगावर धावून आली, ती आजची पाळीवाली.

हे का, ते सांगतो. आमच्या गुरुजींना विचारलंत तर ते आधी सनावळी सांगतील, आणि गोष्ट सुरू व्हायच्या आत तुम्ही इथंच आडवे व्हाल. मी चौथीत शाळेला रामराम ठोकला, त्यामुळं माझ्यापाशी सनावळी नाही, नुसती गोष्ट आहे. पण काय गोष्ट आहे म्हणता!

माझ्या आजोबाच्या आजोबाच्या वेळची ही हकीकत असं सांगतात. त्या काळी रावबा नावाचा एक शाहीर होता. डफावर थाप पडली की जत्रेतले पाळणे रिकामे व्हायचे म्हणे. हा रावबा एकदा ऐन वैशाखात, भर दुपारी, तहानेला होऊन आमच्या वेशीत आला. आता आमची शेतं पडली डोंगरावर. तांबडं फुटायच्या आधी माणूस वर जायचा आणि ऊन तापलं की खाली येऊन अंग टाकायचा. रावबाला हे काय ठाऊक? त्यानं हाका मारल्या. कुणी हूं केलं नाही. कुणाच्या तरी ओट्यावरच्या रांजणातलं पाणी स्वतःच घेऊन प्याला. मग म्हणे घटकाभर तिथंच उभा राहून त्यानं सगळं गाव बघितलं. माणसं निजलेली, कुत्री निजलेली. तेल्याच्या घाण्याचा बैल उभ्याउभ्या निजलेला. आणि निघून गेला.

पुढल्या जत्रेत त्यानं नवं कवन म्हटलं. त्यात सात गावांची सात कडवी होती, सगळी झोपाळू. आमचं कडवं असं होतं:

माळशेवग्याच्या येशीत, ऊन टेकलं भिंतीला,
चोर आला चोरीला, त्यो बी निजला पंगतीला.
कुत्रं उठलं भुंकाया, जांभई आली मधीच,
कोंबडा म्हणं, उद्या बघू, ऊन चढलंय आधीच.

वाईट आहे का सांगा? मला तर आजही हसू येतं. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. आमचा माणूस बाजारात गेला की दुकानदार पोतं अंथरून म्हणायचा, "या, टेका जरा, लांबून चालत आलाय." पोरं पाठीमागून घोरल्याचा आवाज काढायची. बाकीच्या सहा गावांनाही असंच सोसावं लागलं. पण ती गावं हुशार. एकेकानं तुपाची घागर आणि फेटा नेऊन रावबाच्या पायाशी ठेवला आणि आपलं कडवं गाण्यातून काढून घेतलं. शाहिरानं डफावर हात ठेवून शब्द दिला, पुन्हा म्हणणार नाही. राहिलं एकटं आमचं.

त्यात तेल्याच्या जिवबाची पोरगी गोजरा. तिची सोयरीक कारेगव्हाणच्या यमाजी तेल्याच्या थोरल्या मुलाशी ठरली होती. सुपारी फुटली होती. मुलगा तिला पसंत होता. पाणवठ्यावर त्याचं नाव निघालं की ती घागर भरून झाली तरी बुडवीतच राहायची, असं बायका अजून सांगतात. आणि यमाजीचा निरोप आला. "तुमच्या गावाचं गाणं आमच्या दारात येऊन पोरं म्हणतात. झोपाळू गावची सून आणली तर आमचा घाणा कोण जागता ठेवणार? येत्या शुक्रवारी भर दुपारी मी स्वतः येतो. गाव जागं दिसलं तर तिथी काढू. नाही दिसलं तर दिलेलं लुगडं परत द्या."

जिवबा हबकला. पंच जमले. ठरलं की शुक्रवारच्या आत कडवं काढून आणायचं, आणि शाहिरालाच यमाजीपुढं उभं करायचं. तूप, फेटा, एक बोकड, सगळं गाडीत भरून पाच पंच निघाले.

आता पुढचं मी खोटं सांगत असेन तर ही चिंच माझ्यावर पडो. पहिला ओढा ओलांडायच्या आत पाचही पंच गाडीत निजले. गाडीवान सहावा. बैल शहाणे, दुपार झाली तसे वळले आणि घराकडं लागले. गाडी वेशीत थांबली तेव्हा थोरले पंच डोळे चोळत म्हणाले, "गाव तर आपल्यासारखंच दिसतंय की. शाहिराचं घर कुठं हो, बाई?"

ती बाई त्यांचीच बायको होती.

दुसऱ्या दिवशी बैल नकोत म्हणून चालत गेले. वाटेत एका वडाखाली तंबाखू खायला थांबले. त्याचं काय सांगू तुम्हाला! वडाची सावलीच अशी दाट.

बुधवार उजाडला तेव्हा गोजराच उठली. घाण्याचा म्हातारा बैल सोबतीला घेतला आणि पायी निघाली. बाप म्हणाला, "अगं, तू पोरीची जात."

"पुरुषांची जात दोनदा जाऊन आली, आबा," ती म्हणाली. "भाकरी बांधून द्या."

शाहिराच्या गावी पोचली तेव्हा रावबा अंगणात बसला होता. डोळे लालभडक, गालफडं बसलेली, समोर डफ पालथा. गोजरानं पाणीसुद्धा मागितलं नाही. सरळ तोंड सोडलं.

"शाहीर, तुमचं गाणं झकास आहे. पण त्यापायी माझं लग्न मोडायला लागलंय. दमून निजलेल्या माणसांना हसताना लाज नाही वाटली?"

रावबानं मान वर केली. मग बोलला, "हसलो नाही गं पोरी. जळलो."

त्याची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. वैद्य झाले, अंगारे झाले, डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्या वैशाखात आमच्या वेशीत उभा राहून त्यानं कुत्र्यालासुद्धा सुखानं निजलेलं बघितलं. ते कवन तिथून निघालं होतं. सातही गावांवर तो असाच जळला होता.

"कडवं काढतो तुझं," तो म्हणाला. "तूप नको, फेटा नको. तुझ्या सासऱ्याच्या तोंडावर येऊन सांगतो, की गाव कष्टाचं आहे आणि शाहीर खोटा आहे."

गोजरानं त्याला बैलावर बसवलं आणि स्वतः कासरा धरून चालत आणलं. गुरुवारी दुपारी ते वेशीत शिरले. उद्या काय बोलायचं ते जुळवीत रावबा चिंचेखालच्या ह्या दगडावर जरा टेकला. डोंगरावरनं वारा उतरत होता. आणि बोलता बोलता, अर्ध्या शब्दात, शाहीर निजला.

बारा वर्षांची झोप ती, पाव्हणं. संध्याकाळ झाली, उठला नाही. शुक्रवारचा सूर्य उगवला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. यमाजी यायची वेळ जवळ आली तसा जिवबाचा जीव वरखाली व्हायला लागला. तो शाहिराला हलवायला वाकला, तर गोजरानं त्याचा हात धरला.

"आबा, उठवायचं नाही."

"अगं, ह्यानं सांगितलं नाही तर लुगडं परत जाईल."

"जाऊ दे."

"आणि तू?"

गोजरा डोळे पुसत म्हणाली, "मला काल झोप लागली होती, आबा. परवाही लागली होती. ह्यांना बारा वर्षांत लागली नाही. त्यांना उठवून मी कुठल्या तोंडानं बोहल्यावर चढू?"

 जिवबा उठला आणि त्यानं आपला घाणा थांबवला. लग्नासाठीचं तेल त्यात निम्मं निघालेलं होतं, तिळाचा रगडा तसाच राहिला. घाण्याची करकर थांबली तशी शेजारणीनं जातं थांबवलं. लोहारानं हातोडा गुडघ्यावर ठेवला. कुणी कुत्र्यांची तोंडं मांडीत दाबून धरली, कुणी कोंबडे टोपलीखाली झाकले. माळशेवग्यानं देवाची आण घेतली म्हणे, की हा माणूस आपणहून उठेपर्यंत गावात पापणी मिटणार नाही आणि चकार शब्द होणार नाही. ज्या गावाचे पंच बैलगाडीत निजतात, त्या गावानं! जांभई आली की एकमेकांना चिमटे काढत होते. माझ्या खापरपणजोबाच्या दंडावर म्हणे आयुष्यभर काळंनिळं राहिलं.

ऐन दुपारी यमाजी आला. वेशीबाहेरनंच गरजला, "उठा रे, माळशेवगेकर! पाव्हणे आले..."

आणि थबकला. अख्खं गाव उन्हात उभं. बाया, बापे, म्हातारी माणसं. सगळ्यांची बोटं ओठांवर. आणि मधोमध एकटा एक माणूस निजलेला, दोन सवाष्णी त्याला लिंबाच्या डहाळ्यांनी वारा घालताहेत.

"हे कोण?" यमाजीनं कुजबुजत विचारलं.

"रावबा शाहीर," जिवबा त्याच्या कानाशी म्हणाला. "तुम्हाला सांगायला आणले होते, की गाव झोपाळू नाही. निजले."

"मग उठवा की."

"पोरगी उठवू देत नाही. लुगडं घडी करून ठेवलंय, व्याही. न्यायचं असेल तर न्या, पण पायातली वहाण काढून हळू जा."

यमाजीनं बंद घाण्याकडं बघितलं. तेल्याला दुसऱ्या तेल्याचा थांबलेला घाणा कळतो.  त्यानं वहाणा काढल्या, डोक्याचं मुंडासं उशाला घेतलं आणि निवाडा करायच्या आधी जरा विचार करावा म्हणून शेजेच्या कडेला टेकला. पाच कोस उन्हातून आलेला माणूस तो. वारा डोंगरावरनं उतरत होताच.

शाहीर जागा झाला तेव्हा ऊन देवळाच्या पायरीवरून उतरत होतं. त्यानं दोन्ही हातांनी डोळे चोळले, आणि शेजारी बघून म्हणाला, "हे कोण घोरतंय?"

तसं ते गाव हसलं. धरून ठेवलेली कुत्री सुटली, कोंबडे सुटले, आणि त्या कल्लोळात यमाजी तेली दचकून उठला. समोर अख्खं माळशेवगं जागं, आणि निजलेला तो एकटाच.  मुंडासं बांधत म्हणाला, "तिथी जवळची काढा. आणि हे कारेगव्हाणात सांगू नका." आम्ही नाही सांगितलं. नुसतं गाणं केलं.

निघताना रावबा गोजराला म्हणाला, "आता तुझ्या गावाचं कडवं काढतो."

"नको," गोजरा म्हणाली. "ते म्हणत राहा. तुमच्यासारखं कुणी जागं असेल, तर त्याला ऐकून कळू दे की कुठं यायचं."

म्हणून ते राहिलं. ज्या सहा गावांनी तूप देऊन आपली कडवी पुसली, त्यांची नावं आता कुणाला सांगता येत नाहीत. एकाचं मला ठाऊक आहे, पण ती माझी सासुरवाडी, तेव्हा तोंड बंद. माळशेवगं मात्र अजून जत्रेजत्रेत गाजतंय. आमच्यात सोयरीक जुळवायला आलेल्या व्याह्याला आजही आधी शेजेवर आडवं करतात, आणि तो घोरला की मगच साखर वाटतात. आणि जागी माणसंही येतात. पहाऱ्यावरचा शिपाई आला होता. मूल गेलेली एक आई आली होती, तेव्हा पाळीला मी स्वतः बसलो होतो.

आजही दुपारची एस.टी. वेशीत थांबली की कंडक्टर आधी खाली उतरून चिंचेखाली नजर टाकतो. शेजेवर कुणी निजलेलं असेल, तर तो घंटीची दोरी ओढत नाही. दारातून वाकतो, पत्र्यावर तळवा हलकेच दोनदा थोपटतो, लेकराला निजवताना थोपटावं तसा, आणि गाडी निघते.