पांढऱ्या कापडाचं गाव

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, संध्याकाळी चूल पेटवायची नाही. चारही महिने पाळला. भाकऱ्या मात्र शेजारच्या अंबूताईंकडून भाजून आणत होते. उद्यापनाला त्या हसून म्हणाल्या, "वहिनी, नेम तुमचा, पाळला माझ्या चुलीनं हो." त्या दिवशी मला ही गोष्ट आठवली.

खूप मागच्या काळी एका डोंगरावर दोन गावं होती. एक वरचं, एक खालचं. मधे एकच रान आणि रानात एकच झरा.

रान विरळ होऊ लागलं तशी राजाला काळजी लागली. त्यानं दोन्ही वेशींवर पांढरं कापड टांगलं आणि मोळ्या मोजायला एक कारकून नेमला. ज्या गावाचं सरपण कमी जळेल, कापड पांढरं राहील, त्यानं उन्हाळ्यात आधी पाणी भरायचं. उरेल ते दुसऱ्यानं.

वरच्या गावानं डोकं चालवलं. मडक्यांची भट्टी, चुन्याची भट्टी, गुळाची कढई, सगळं बंद केलं आणि तेच काम धान्याच्या बदल्यात खालच्या गावाला दिलं. खालच्यांना धान्य हवंच होतं. पण त्यांच्या भट्ट्या जुन्या, फुटक्या. जिथं एक मोळी पुरायची तिथं दोन जळू लागल्या.

वर्ष सरलं. वरचं कापड दुधासारखं, खालचं तव्यासारखं.

खाली एक म्हातारी कुंभारीण होती. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती. पाणी मागं पडलं तर त्या दोन जिवांचं काय, या धास्तीनं ती कारकुनापुढं हात जोडून उभी राहिली.

"बाबा, कापड काळं आहे, खरंय. पण ही मडकी कुणाच्या घरी चाललीत, ते विचारलंस का?"

कारकून हसला. "आजी, मडक्याला का विचारायचं? मला जिथं धूर निघतो तिथल्या मोळ्या मोजायला सांगितलंय."

"मग या मडक्यांतलं पाणी कोण पितं, तेही मोज की रे."

त्यानं वहीत पाहिलं. तसा रकानाच नव्हता.

तीन उन्हाळे वरचं गाव पहिलं आलं. वर आरत्या झाल्या, पेढे वाटले गेले. रानातली झाडं मात्र पूर्वीपेक्षा भराभर पडत होती. चौथ्या वर्षी वरचे लोक वाजतगाजत झऱ्यावर गेले. घागरी मानाच्या, कापड शुभ्र, आणि झऱ्यात नुसती ओली माती.

खालचं गाव त्याआधीच पाण्यावाचून उठलं होतं. म्हातारी सुनेला घेऊन चालत गेली. त्या लेकराचं काय झालं, ते मला सांगवत नाही.

आपल्यासाठी उठलेला धूर कुणाच्याही भट्टीतून निघो, तो आपलाच असतो.

आता नेम मोजताना मी अंबूताईंची चूलही त्यात धरते. बायांनो, तुम्हीही आपापल्या अंबूताईंची धरा. एवढं माझं ऐका.