सागवानी जमीन

साहेबाच्या राज्यात एका टेकडीखालच्या गावात मोठा टाऊन हॉल बांधला गेला. त्याची सागवानी जमीन फार तोऱ्यात असे. तिच्यावर फक्त साहेबांचे बूट वाजत. गावकऱ्यांना आत पाऊल टाकायची मनाई होती. साहेब गेले, हॉलला कुलूप लागलं आणि फळ्या कुजू लागल्या.

बऱ्याच वर्षांनी गावाने तो हॉल सर्वांसाठी खुला करायचं ठरवलं. रघोबा मिस्त्री रंधा घेऊन आले, तेव्हा जमीन म्हणाली, "मला नाही दुरुस्त व्हायचं. या लोकांना माझी काय किंमत?"

"अगं, तू याच टेकडीवरचा साग," मिस्त्री म्हणाले. "यांच्याच पणजोबांनी तुला खांद्यावरून वाहून आणलं." आणि ते एकेक फळी नीट बसवत राहिले.

हॉल उघडला त्या सकाळी सर्वांत पुढे सोनाबाई होत्या. त्यांच्या वडिलांनी जन्मभर बाहेरच्या व्हरांड्यात बसून साहेबांचा पंखा ओढला होता. सोनाबाईंनी उंबऱ्याशी वहाणा काढल्या, वाकून जमिनीला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि मगच आत पाऊल ठेवलं. मागून सगळं गाव तसंच करत आत आलं.

जमीन थक्क झाली. इतक्या वर्षांत तिला कुणी नमस्कार केला नव्हता. श्वास रोखून ती त्या शेकडो अनवाणी पावलांची ऊब घेत राहिली.